धारोष्ण दुधाचा पेला

ज्ञानूमामाची म्हैस गाभडली, दिवस भरायच्या आधीच रेडकू पडलं, तेव्हा गुरांचा डॉक्टर तासाच्या आत दारात हजर होता. सुनेला ताप भरला तेव्हा मात्र माणसांचा डॉक्टर घरात कुणाला आठवला नाही.

म्हैस गाभडली त्या दिवशी सून संयोगिताला नुकताच सातवा लागला होता. सासूनं, शालूबाईनं, तिला ओढतच आत नेलं. "पोटुशीनं असलं बगू न्हाय!" म्हणून दार लावून घेतलं. त्यामुळं गोठ्यात डॉक्टर काय बजावून गेला, ते तिच्या कानावर आलंच नाही.

मामाचा धंदा कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. संध्याकाळी चौकात म्हैस उभी करायची आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात समोरच धार काढून द्यायची. सुनेचा पेला सकाळी घरीच; म्हैस गाभडल्यावरही तो चुकला नाही. जयसिंगपूरच्या मास्तरांच्या या लेकीला त्या कोमट फेसाच्या वासानंच मळमळायचं, पण सासरा स्वतः पेला घेऊन उभा राहिल्यावर नको कसं म्हणणार? "पी पोरी, नातू पैलवान व्हायला पायजे की!" मायेनंच म्हणायचा. हेच तर वाईट.

मग ताप सुरू झाला. सकाळी गायब, तिन्हीसांजेला अंग नुसतं भाजायचं, पहाटे अंथरूण घामानं ओलं. "पोटुशीचं अंग गरमच असतंय," शालूबाई म्हणाली. काढे झाले, मीठमिरच्या ओवाळून झाल्या. नवरा ऋतुराज आईच्या शब्दाबाहेर नव्हता. अखेर दवाखाना गाठला, तोवर पोटातलं हलायचं थांबलं होतं.

"कच्चं दूध पीत होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छ्या! आमच्यात उकळूनच पित्यात," मामा चटकन बोलला. संयोगिता ग्लानीत होती.

ती घरी आली त्यानंतर काही दिवसांनी गुरांचा डॉक्टर म्हशीच्या रक्ताचा रिपोर्ट घेऊन आला. "जंतू निघालेत मामा. तेव्हाच सांगितलं होतं, उकळल्याशिवाय दूध कुणी तोंडाला लावायचं नाही. घरात गरोदर बाई आहे, तिचाही गर्भ जाईल म्हणून."

आत पडलेली संयोगिता उठून बसली. डॉक्टर गेल्यावर मामा दारात आला, पण त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "बोभाटा करू नगंस," म्हणाला. "चार पिढ्यांचं नाव हाय. दूध पिऊन आजपतूर कोण मेलंय का?"

मेलं होतं की. तिचं.

संध्याकाळी ती तशीच चौकात गेली. म्हशीभोवती नेहमीची गर्दी होती. शेजारची वर्षाराणी, तिला पाचवा महिना, ओठाला पेला लावत होती.

"पिऊ नकोस!" संयोगिता ओरडली. "याच दुधानं माझं बाळ गेलं. विचार यांना!"

सगळे मामाकडं बघायला लागले. त्यानं हातातली धार थांबवली नाही. "पोर गेल्यापास्नं डोस्कं ठिकाणावर न्हाय हिचं," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खोटं नव्हतं. लोकांना त्याचीच कीव आली.

वर्षाराणीनं पेला रिकामा केला, ओठावरचा फेस पदरानं पुसला आणि संयोगिताच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू बी घे गं एक," ती म्हणाली. "अंगात ताकद येईल."