तिसरा आग्रह

फलकावर आज आकडे नव्हते. जिथे रोज तांबडे आकडे जळत, तिथे प्रत्येक चलनाच्या नावापुढे चार आडव्या रेघा तेवढ्या पेटलेल्या होत्या. युरोच्या ओळीतल्या एका रेघेत काही बिघाड असावा, कारण ती मधूनच विझे, थरथरे, पुन्हा लागे... असा एक आकडा सात दांड्यांचा बनतो. सातही पेटल्या की आठ, आणि फक्त मधली पेटली की ही अशी रेघ. म्हणजे यंत्र जिवंत आहे, वीज येते आहे, पण सांगता येण्यासारखे माप नाही. शून्याला घाबरू नका, शून्य हेही माप आहे, असे फरामर्ज तंत्रनिकेतनात आयुष्यभर मुलांना सांगत आला होता. रेघेविषयी काय सांगायचे, हे त्या अभ्यासक्रमात कुठे नव्हते.

"हाजीआगा, नुसतं बघून ती रेघ काही उतरायची नाही," दारात स्टुलावर बसलेला सराफ म्हणाला. त्याच्या हातात चहाचा पेला होता, आणि मागचे लोखंडी शटर अर्धे खाली ओढलेले.

"युरो आहेत?"

"आहेत की. विकायला नाहीत. तुमच्याकडे असतील तर घेतो."

"काय भावानं?"

"तुम्ही आणा तर खरं. तुम्ही पोचेपर्यंत तो कुठं पोचलेला असेल, मी कशाला आत्ता बोलून अडकू?"

शेजारच्या दुकानाचा मालक भिंतीला टेकून उभा होता, तो हसला. "परवा आला असतात तर हेच 'नाही' तुम्हाला जरा स्वस्तात मिळालं असतं."

"दक्षिणेकडं नक्की काय झालंय?" फरामर्जने विचारले, काहीतरी विचारायला हवे म्हणून.

"नेट बंद, आम्हाला कोण सांगतंय? रेडिओ म्हणतो शांतता आहे. डॉलर म्हणतो पळा." सराफाने चहाचा शेवटचा घोट घेतला. "मी डॉलरचं ऐकतो, हाजीआगा. तो अजून कधी खोटं बोललेला नाही."

फरामर्ज वळला. फिरदौसी रस्त्याची ती बाजू अशी कधी दिसली नव्हती. एरवी पावला-पावलावर कानाशी येऊन 'डॉलर, युरो, डॉलर' कुजबुजणारी माणसे आज भिंतींना पाठ लावून गप्प होती, आणि खालच्या चौकाकडून जळक्या रबराचा वास इतका मंद येत होता की तो खरा आहे की आपल्या मनातलाच, हे ठरवता येऊ नये. मोटारसायकलींवर दोघे-दोघे बसलेले शिरस्त्राणधारी शिपाई उत्तरेकडून आले आणि त्या वासाच्या दिशेने गेले. कुणी मान वर केली नाही.

गुरुवार. आज रविवार, आणि गुरुवारी परदेशात, ग्राट्समधल्या कचेरीत लेकीने, शकीबाने, आपल्या खात्यात एक ठरावीक रक्कम आहे असे दाखवायचे; दाखवले तर राहण्याचा परवाना वर्षभर वाढेल, नाही दाखवले तर शिक्षण अर्धवट टाकून परत. परत म्हणजे इथे, या वासाकडे. निर्बंधांमुळे इथली बँक तिकडे पैसे पाठवू शकत नाही, कोणतीच पाठवू शकत नाही. पैसा जातो तो माणसाच्या खिशातून, नाहीतर माणसाच्या शब्दावर. बुधवारी त्याने गाडी विकली होती, त्याचे तोमान, म्हणजे इथले पैसे, खात्यात पडून होते, आणि कुणी हात न लावता रोज सकाळी थोडे कमी होत होते. मी त्यांना शिवलोसुद्धा नाही... आणि तरी. 'बाबा, गुरुवारपर्यंत जमेल ना?' हा तिचा शेवटचा निरोप. त्याने 'जमेल' लिहिले आणि त्याच सुमारास सगळे बंद पडले; ते 'जमेल' तिच्यापर्यंत गेले की इथेच कुठे तारांमध्ये अडकले, हे त्याला ठाऊक नव्हते. खरे तर न गेलेले बरे, असेही त्याला एकदा वाटून गेले होते.

शुक्रवारी दुपारी हे सगळे हाताशी आले होते. अगदी ताटाशी.

कियूमर्स जेवायला आला होता — आतेभाऊ, तीसेक वर्षे हँबुर्गमध्ये, इथे येण्याचे कारण त्याची आई अख्तर आत्या आणि दात. "तिकडं दोन दातांच्या पैशात तुमच्याकडं अख्खं तोंड होतं," तो हसत म्हणाला होता, "आणि तुमच्या चौकात एक टायर जळला की तोमान पडतो आणि माझी एक दाढ फुकट." फरामर्जच्या बायकोने, मेहरअंगीजने, त्यावर भाताची खरपूड त्याच्या ताटात वाढली होती, मुद्दाम, त्याला ती चावता येणार नाही हे माहीत असून. मग चहा. मग कियूमर्सने कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढून मेजावर ठेवले.

"फरामर्ज, हे युरो राहिलेत. आईच्या नर्ससाठी मला तोमान ठेवून जायचेतच, ते तूच दे. मी तिकडं उतरलो की दुसऱ्या दिवशी एवढी रक्कम शकीबाच्या खात्यात. मी आलो त्या दिवशीचा भाव धरू."

"छे, छे. प्रवासात तुलाच लागतील."

"प्रवासात काय लागायचंय? घे."

"नको रे. लाजवू नकोस."

आणि इथे — इथे जे व्हायला हवे होते ते इतके ठरलेले होते की फरामर्जचा हात मेजाच्या कडेवर आधीच किंचित पुढे सरकलेला होता. दोनदा नाही म्हणायचे असते. देणाऱ्याने तिसऱ्यांदा म्हणायचे असते, थोडे रागावून, हवे तर आईची शपथ घालून, आणि मग घेणाऱ्याने नाइलाज झाल्यासारखे मान खाली घालून घ्यायचे असते. यालाच तआरुफ म्हणतात, आणि यात कोणी कोणाला फसवत नाही, कारण दोघांनाही सगळे माहीत असते. पहिला नकार पाहुण्याच्या मानासाठी, दुसरा स्वतःच्या, आणि तिसऱ्या आग्रहाने दोन्ही मान शाबूत ठेवून वस्तू या हातातून त्या हातात जाते. दुकानात, लग्नात, दाराशी आत कोणी आधी जायचे या साध्या गोष्टीत... जन्मभर असेच.

"बरं," कियूमर्स म्हणाला होता. "जशी तुझी मर्जी." आणि पाकीट परत कोटात.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एकदम थांबला होता. तो थांबलेला आवाज फरामर्जला अजून ऐकू येत होता.

कियूमर्स विसरला होता का? तीस वर्षांत माणूस भाषा विसरत नाही, शिव्या विसरत नाही, आणि नेमका तिसरा आग्रह विसरतो? की त्याला चांगले आठवत होते, आणि आठवत होते म्हणूनच तो दुसऱ्यावर थांबला — कारण तिथे थांबले की कुणी त्याला बोल लावू शकत नाही. म्हणाला तर होता तो दोनदा, साक्षीदारासमोर... शनिवारी सकाळी दक्षिणेकडची बातमी आली, दुपारपर्यंत भाव असा सुटला की सांजेला फलकच मिटले, आणि फरामर्ज दोन दिवस हा एकच सांधा उलटसुलट तपासत राहिला. वर्गात तो म्हणे, किती चूक चालेल ते आधी ठरवा, मग कापा. त्याने न ठरवताच कापले होते.

"तिसऱ्यांदा विचारेल म्हणून वाट बघत बसलात ना?" सकाळी मेहरअंगीज म्हणाली होती. "हँबुर्गमध्ये एकदाच विचारतात, फरामर्जखान. त्या बिचाऱ्यानं दोनदा विचारलं हेच खूप."

"मला मागता येत नाही."

"मग तसं लेकीला कळवा. अरे हो, नेट बंद आहे." आणि थोड्या वेळाने, त्याच्याकडे न बघता, कोट पुढे करत ती म्हणाली, "दुपारी दातांच्या डॉक्टरकडे शेवटची खेप आहे त्याची. रात्री विमान. जा."

तो निघाला होता, पण आधी फिरदौसी रस्त्यावर; बाजारात मिळाले तर आतेभावाकडे हात पसरावा लागणार नाही, म्हणून. बाजाराने रेघा दाखवल्या. आता उरला तो दवाखाना. बस बंद होत्या. तो चालत निघाला, भिंतीच्या कडेने, आणि चालताना ते वाक्य जुळवत राहिला — 'कियूमर्सजान, तू त्या दिवशी म्हणालास ते'... नाही. 'शकीबाचं जरा अडलंय'... हेही नाही, यात लेकीला पुढे करून आपण मागे लपतो आहोत. कोणतेही वाक्य घेतले तरी त्याच्या आत तोच एक शब्द होता, सोलून काढल्यासारखा, आणि तो शब्द त्याने मोठ्या वयात कधी उच्चारला नव्हता.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. भिंतीवरच्या दूरदर्शन संचावर आवाज बंद करून ठेवलेला निवेदक ओठ हलवत होता.

"वेळ घेतलीय का, आगा?" मेजामागच्या मुलीने विचारले. "आज डॉक्टर लवकर निघणारेत. रस्ता बंद व्हायच्या आत."

"दातांसाठी नाही आलो. आत जो बसलाय त्याच्यासाठी."

"मग बसा. ते काही आत्ता बोलायच्या स्थितीत नाहीयेत, पण ऐकतील."

कियूमर्स बाहेर आला तेव्हा त्याचा अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाचा असावा तसा निर्विकार होता. फरामर्जला पाहून उरलेला अर्धा हसला. दोघे कोचावर शेजारी शेजारी बसले.

"अख्तर आत्या कशी आहे?"

"मला बाबा म्हणून हाक मारते." त्याचे उच्चार ओठातून सांडत होते. "नर्स म्हणते, पुढच्या महिन्यापासून पैसे वाढवा, नाहीतर मी गावी जाते. काय चुकलं तिचं? पावाचाही भाव वाढला. आता हे युरो बदलावे म्हणून सकाळी गेलो होतो, तर सराफ म्हणतो थांबा, संध्याकाळी याहून चढेल. संध्याकाळी मी विमानतळावर."

"म्हणजे बदलले नाहीस."

"इथंच आहेत." त्याने छातीवर हात ठेवला.

आणि मग जुळवलेले एकही वाक्य न आठवता फरामर्ज म्हणाला, "मला पाहिजेत."

दोन शब्द. ते बाहेर पडले तेव्हा काही कोसळले नाही. मेजामागची मुलगी नखे पाहत होती, निवेदक ओठ हलवत होता. कियूमर्सने मान वळवून त्याच्याकडे पाहिले.

"अरे, मग त्या दिवशी का नाही घेतलेस?"

"तू दोनदाच विचारलंस."

कियूमर्सचा चेहरा अर्धाच हलला, त्यामुळे ते हसू होते की दुसरे काही, हे कळले नाही. "रात्री गादीवर पडल्यावर आठवलं मला," तो म्हणाला. "आठवलं की आपण मधेच थांबलो. फोन उचलला होता. पण..." त्याने ओठाला बोट लावून पाहिले, तिथे काही लागते का ते, आणि 'पण'च्या पुढचे तसेच राहू दिले. मग पाकीट काढून फरामर्जच्या गुडघ्यावर ठेवले. "घे. म्हणजे शकीबाचे झाले म्हणून समज; मीच तिकडं नेतो, परवा तिच्या खात्यात. खाली बँकेचं यंत्र अजून चालू आहे, तिथून तोमान आईच्या खात्यावर टाक."

"भाव?"

"तुझ्याशी कसला भाव, फरामर्ज? तुझेच आहेत. काय द्यायचं ते दे."

हे तर कुणीही म्हणते. टॅक्सीवाला म्हणतो, कसाई म्हणतो, मघाचा तो सराफसुद्धा म्हणाला असता. म्हणायचे असते, आणि ऐकणाऱ्याने लगेच म्हणायचे असते, 'असं कसं, आजचा भाव सांग.' मग तो चाचरत आजचा भाव सांगतो आणि आपण तो देतो. आजच्या अंदाजे भावाने गाडीच्या पैशात जेमतेम अर्धे युरो येत होते, आणि अर्ध्या रकमेवर अर्धा परवाना मिळत नाही. जुन्या भावाने पुरे येत होते. मधला जो फरक, तो अख्तर आत्याच्या नर्सचा होता: ज्या आत्याच्या घरी राहून, जिने वाढलेले खाऊन मी तंत्रनिकेतन पुरे केले, तिला रात्री कूस बदलून देणाऱ्या बाईचा, किती महिन्यांचा, हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता आणि त्याने तो निग्रहाने मिटला.

कियूमर्स वाट पाहत होता. आता बोलण्याची पाळी फरामर्जची होती, आणि कियूमर्सला ती पाळी चांगली ठाऊक होती, हे त्याच्या त्या अर्ध्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तो काहीएक विसरलेला नव्हता. विसरल्यासारखे करणे आता कुणाच्या हातात असेल तर ते फरामर्जच्या. परक्या देशातून पहिल्यांदाच आलेल्या माणसासारखे, शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच धरून, 'बरं' म्हणायचे आणि जुन्या भावाने द्यायचे. 'जशी तुझी मर्जी' म्हणायचे. इतके सोपे होते ते. कुणी बोल लावू शकणार नव्हते.

"किती वेळ राहतो हा बधिरपणा?" कियूमर्सने मेजाकडे पाहत विचारले.

"दोन-तीन तास," मुलगी म्हणाली. "तोवर काही चावू नका. ओठ तुटला तरी कळणार नाही तुम्हाला."

गुडघ्यावरच्या पाकिटाला वजन असे नव्हतेच. फरामर्जने ते उचलले नाही आणि परतही केले नाही. आता शरम यायला हवी, असे त्याला वाटले, इतक्या उशिरापर्यंत ती आलेली असायला हवी होती. आणि तो तिला स्वतःच्या आत चाचपू लागला, छातीत, घशात, कानांच्या पाळ्यांशी, जिथे जिथे ती जन्मभर वेळेवर येत आली होती तिथे तिथे... जागा सगळ्या होत्या तशाच होत्या. तो दाबून पाहत होता, आणि दाबलेले त्याला लागत नव्हते.