उजवं लॅपल

मास्टरांनी माझ्या कामाचं कधी कौतुक केलं नाही. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या दुकानात काजं करतेय, बटणं लावतेय, अस्तरं टाचतेय, पण 'छान' हा शब्द काही कानावर पडला नाही. काम त्यांच्यापुढे ठेवायचं. चुकलं असेल तर म्हणणार, "उसव." बरोबर असेल तर अवाक्षर काढणार नाहीत, उचलून खुंटीला अडकवणार. सुरुवातीला मी धुसफुसायचे. मग लक्षात आलं, की ह्या माणसाचं गप्प बसणं हीच शाबासकी, आणि मी तेवढ्यावर भागवायला शिकले. मास्टर हे माझ्या नवऱ्याला गिऱ्हाइकांनी दिलेलं नाव. दुकानात मीही तेच म्हणते, आणि दुकान घराच्या पुढच्याच खोलीत असल्यामुळे घरातही तेच तोंडात येतं.

लॅपलला मात्र मला हात लावू द्यायचे नाहीत. कोटाची पुढची बाजू गळ्यापाशी उलटून छातीवर पडते ना, ते लॅपल. त्यावरचं काज माझं, बाकी सगळं त्यांचं. एखादं गिऱ्हाईक सहज म्हणालं, "मास्टर, ही घडी जरा रुंद ठेवा," की संपलंच. हातातली कात्री खाली ठेवून सांगायचे, "घडी रुमालाला असते. कापड आपणहून वळलं तर लॅपल. इस्त्रीने दाबून दुमडलं तर ती घडी, मग त्याला लॅपल म्हणायचं नाही." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं. मी काजात डोकं खुपसून हसू दाबायचे.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी येऊ लागल्या. चित्रं दाखवायच्या. कप दाखवला की मास्टर म्हणायचे, "किल्ली." कंगवा दाखवला, "किल्ली." छत्री, "किल्ली." आपलं चुकतंय हे त्यांना कळायचं आणि चेहरा असा पडायचा, की मी उगाच चहा ठेवायला आत जायचे.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो शांततेचा. आयुष्यभर ज्या गप्प बसण्यावर मी खूश होत आले, तेच आता खायला उठायचं. स्वयंपाक करा, अंघोळ घाला, गोळ्या द्या, सदऱ्याची बटणं लावा, आणि दिवसभर एकटीनेच बडबडा. अंग दुखायचं त्याचं काही नाही, पण बोलून बोलून मी थकले. एकदा तर मीच चिडून म्हटलं, "अहो, निदान मला शिव्या तरी द्या."

नणंदबाई, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, रोज यायच्या. बाई मनाने चांगली, पण एकच पालुपद. "दुकान देऊन टाक गं. माझ्या ओळखीत एक माणूस आहे, भाड्याने घ्यायला तयार आहे. तू एकटी किती ओढणार?" खरं सांगते, मलाही द्यावंसं वाटत होतं. अडलं होतं ते एका कोटामुळे. एका नव्या वकीलबाईंचा काळा कोट. झटका आला त्या दिवशी डावं लॅपल पूर्ण झालं होतं आणि उजवं नुसतं कच्च्या टाक्यांवर लटकत होतं. पोरगी गोड, "होईल तेव्हा द्या" म्हणायची, त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी नणंदबाईंना सांगितलं, "एवढा कोट होऊ द्या ताई. मग बोलवा तुमच्या माणसाला."

शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "चित्रं राहू द्या. त्यांच्या हातातल्या वस्तू घेऊन बघा." मग मी रोज सकाळी तो कोट त्यांच्या मांडीवर ठेवायला लागले. डाव्या लॅपलवरून त्यांचा चांगला हात फिरवायचा आणि म्हणायचं, "लॅपल. म्हणा, लॅपल." ते हात फिरवायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचे, "किल्ली." मी म्हणायचे, "असू द्या. उद्या बघू."

आणि दुपारी मी उजवं शिवायला बसायचे. इतकी वर्षं समोर बघितलेलं काम, त्यात काय, असं वाटलं होतं. कापड टेबलावर सपाट पसरलं, आतून कॅनव्हासचं जाड कापड लावलं, बारीक बारीक टाके घातले. टाके देखणे पडले, खोटं कशाला बोलू. पण कच्चे टाके काढले तर ते वळेचना. पुठ्ठ्यासारखं ताठ उभं. दोन्ही हातांनी दाबून धरलं, सोडलं की पुन्हा उभं. शेवटी वैतागून ओलं फडकं टाकलं आणि गरम इस्त्री दाबली. बसलं एकदाचं. लांबून डाव्यासारखंच दिसत होतं, आणि मी इतकी दमले होते, की मला लांबूनच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई आल्या. म्हणाल्या, तो माणूस संध्याकाळी येतोय. मी कोट मास्टरांच्या मांडीवर ठेवला आणि नेहमीसारखा त्यांचा हात धरला. ह्या वेळी उजव्या बाजूवर. "हे काय आहे?"

त्यांनी अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला.

"घडी," ते म्हणाले.

नणंदबाईंनी तोंडावर हात ठेवला. "बोलला! अगं, बोलला!"

मीही हरखले. किल्ली सोडून पहिला शब्द. चुकीचा का असेना. मी लहान मुलाला सांगावं तसं म्हटलं, "घडी नाही हो. लॅपल. म्हणा, लॅपल."

त्यांनी मान हलवली. नाही. डोळ्यांत तोच जुना संताप, कात्री खाली ठेवायचे तेव्हाचा. डाव्या हाताने माझं मनगट पकडलं आणि माझा अंगठा त्या दाबलेल्या कडेवर टेकवला. "घडी," पुन्हा म्हणाले. आणि मग, अगदी स्पष्ट, "उसव."

ते चुकले नव्हते. मी ज्याला लॅपल म्हणत होते ते लॅपल नव्हतंच. नणंदबाई देवाला हात जोडत होत्या आणि मी कोट तोंडावर धरून ढसाढसा रडत होते. इतके दिवस ज्या तोंडातून एक शब्द निघावा म्हणून जिवाचं रान केलं, ते उघडलं तेही मला बोल लावायला. मला कोण आनंद झाला होता!

उसवलं. वाफ देऊन इस्त्रीची रेघ घालवली. पुन्हा टेबलावर पसरायला लागले तर त्यांनी कापड ओढून आपल्याकडे घेतलं. डाव्या हाताचं बोट खालून घातलं, कापड त्यावरून वळवलं आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वळण आधी द्यायचं आणि टाके त्या वळणातच घालायचे. मी सुई घेतली. त्यांच्या बोटावरून टाका, मग बोट थोडं पुढे, मग टाका. एकदा सुई त्यांना टोचली. बोट हललं नाही.

दुपार त्यातच गेली. नणंदबाईंनी चहा केला, तो निवून गेला. शेवटचा टाका घालून मी कच्चे टाके काढले आणि हात बाजूला घेतले. कापड जरा थांबलं, मग आपलं आपणच उलटून छातीवर पडलं.

मी कोट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अंगठा वरपासून खालपर्यंत नेला. मग डाव्या बाजूवरून. मग परत उजव्या. कोट उचलून खांद्यावर टाकला, धडपडत उठले, डाव्या हाताने भिंत धरत गेले आणि तो खुंटीला अडकवला.

नणंदबाई दारातून आशेने बघत होत्या. "काय गं, काही बोलला का?"

"नाही ताई," मी म्हटलं. "काही म्हणजे काही बोलले नाहीत. तुमच्या माणसाला सांगा, येऊ नको."