नखभर कमी

३०२

ड्रॉवर कपाटात जाईना. हवा होता तीनशे मिलिमीटर रुंद, झाला जवळपास तीनशे दोन. सासऱ्यांनी हातोडा उचलला, तसा सुनेने तो काढून घेतला.

"बाबा, ठोकून आत घातला, तर उघडायला पैलवान ठेवायचा का?"

पहिल्याचंही असंच झालं होतं. दवाखान्याचं कपाट उद्या सकाळी जायचं होतं आणि पत्रा उरला होता एकच.

"चाळीस वर्षं पत्र्याच्या दर घडीला नखभर कमी धरतोय," सासरे म्हणाले. "कधी दगा नाही."

"पण नखभरच का?"

"उस्तादांनी सांगितलं म्हणून."

"त्यांना कुणी सांगितलं?"

"तू पत्रा बघ, वंशावळ नको."

१०३.५

वाया गेलेल्या ड्रॉवरातून तिने बरोब्बर शंभर मिलिमीटरची पट्टी कापली, घडी घालायच्या प्रेसवर मधोमध काटकोनात वाकवली. दोन्ही बाजू बाहेरून मोजल्या. बेरीज एकशे साडेतीन. पुन्हा मोजल्या; तेवढीच. पत्रा म्हणजे काही कणीक नव्हे, ठेवल्या जागी फुगायला.

टेबलावर खोडरबर होता. त्याच्या कडेवर तिने उभ्या रेघा ओढल्या आणि तो वाकवला. आतल्या टोकाला रेघा दाटीवाटीने उभ्या राहिल्या, बाहेरच्या टोकाला पांगल्या. मध्ये कुठेतरी अंतर होतं तेवढंच. म्हणजे खरी लांबी तिथली. ती कोपऱ्यावरून वळून जाते. आपण मात्र दोन्ही बाजूंनी पार टोकापर्यंत सरळ मोजतो आणि कोपरा दोनदा धरतो.

मग एक मिलिमीटर जाडीची पट्टी वाकवली. ती पावणेदोननेच वाढली, म्हणजे साधारण नखभर.

"बाबा, तुमचं नख खरं आहे. पण एक मिलिमीटरच्या पत्र्याचं. हा दोनचा आहे."

सासऱ्यांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून निरखल्या.

२९६.५

एका घडीची साडेतीनची वाढ तिच्या दोन्ही बाजूंत निम्मी-निम्मी जाते; तळाला दोन घड्यांचे दोन निम्मे, म्हणजे साडेतीनच. शेवटच्या पत्र्यावर घडीच्या दोन रेघांत तिने तीनशेऐवजी दोनशे साडेशहाण्णव मिलिमीटर ठेवले.

"आणि चुकलं तर?"

"तर हातोडा तुमचा."

प्रेस मात्र तिने त्यांनाच चालवायला दिली; रेघेवर पत्रा धरावा तो त्यांनीच.

ड्रॉवर अलगद आत गेला. सासऱ्यांनी तो बाहेर काढला, पुन्हा आत सारला, परत काढला.

"तीन मिलिमीटरच्या पत्र्याला किती धरायचं?"

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिने कातरी त्यांच्यापुढे सरकवली.

"पट्टी कापा, बघू."