होझिया पेटवेचा शेवटचा थांबा

होझिया गुरुवारी सकाळी ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला, तेव्हा दफन शनिवारी होणार हे नेबोच्या साऱ्या वस्तीने गृहीतच धरले. शिकागो नि डेट्रॉइटहून येणाऱ्या नातलगांना तोच वार सोयीचा. मांसाचे कोण आणणार, पालेभाजी कोण शिजवणार, हे चर्चमधल्या बायांनी आपसांत ठरवूनही टाकले. बटाट्याचे सॅलड मात्र व्हायोलाबाईंकडे जाऊ नये, अशी दबकी कुजबुज झाली. पण होझियाची थोरली बहीण आर्झुलाबाई हिने अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या मिस्टर गॅडिसना बोलावून घेतले आणि सांगितले, की दफन मंगळवारी होईल.

गॅडिसनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. त्यांच्याच दुकानाचे कॅलेंडर होते ते. मंगळवारी राज्याच्या विधानसभेचे मतदान होते. नेबोतल्या तीन पिढ्या त्यांच्या घराण्याने पुरल्या होत्या. मयताच्या घरात कधी गप्प बसावे, हे त्यांना शिकवावे लागत नसे.

आर्झुलाबाई शहाऐंशीच्या. चर्चच्या पहिल्या बाकावर पांढऱ्या पोशाखात बसणाऱ्या मानकरी ‘मातां’मध्ये त्या सर्वांत वडील. पाद्री आले नि गेले, त्यांचा बाक हलला नाही. धाकट्या बहिणीच्या मागे तिचा मुलगा एझेल त्यांनीच वाढवला. तो फौजेत गेला, चोवीस वर्षे राहिला, वाळवंटातून मालमोटारींचे ताफे नेत फिरला, आणि परत आला तो एक निकामी गुडघा नि तुटक झोप घेऊन. मावशीला वाटले होते, आता हा मागच्या तळ्यावर मासे धरील, जाड होईल. पण गेल्या हिवाळ्यात त्याने विधानसभेसाठी अर्ज भरला.

त्याचे कारण होझिया. एकोणीस वर्षांचा असताना त्याने पाइनचे ओंडके गाडीभर तोडून आणले होते. ज्या रानातून तोडले ते आपल्या बापाचे, असे सारे घर समजत होते. न्यायालय तसे समजले नाही. त्याने शिक्षा भोगली, परत आला, लग्न केले, आयुष्यभर इतरांच्या छपरांची डागडुजी केली. पण मिसिसिपीत लाकूडचोरीची शिक्षा झालेल्याचे मत जाते ते कायमचे. ते परत मिळायचे तर विधानसभेने त्या एका माणसाच्या नावाने कायदा करावा लागतो. एझेल मामासाठी राजधानीत खेटे घालून आला. दर खेपेला तिथल्या लोकांनी त्याचा हात दाबून देशसेवेबद्दल आभार मानले, आणि दर खेपेला मसुदा कुठल्यातरी समितीत झोपी गेला. शेवटच्या खेपेला घरी येऊन तो म्हणाला होता, की बाहेर बाकावर बसून हे होणे नाही, आत जाऊन बसावे लागेल.

दुसरेही एक दुखणे होते. नेबोचे मतदान पूर्वी चर्चच्याच दालनात होई. मागच्या खेपेपासून ते परगण्याच्या गावी, कचेरीच्या इमारतीत नेले. त्याच आवारात शेरीफचे ठाणे. वाटेत नदीवरचा पूल. तिथे मतदानाच्या दिवशीच नेमकी गाड्यांच्या परवान्यांची तपासणी निघे. ज्याचा परवाना संपलेला, ज्याच्या नावाने जुने कोर्टाचे लचांड अडकलेले, तो पुलाच्या अलीकडूनच गाडी वळवी. मनाई कोणी केली नव्हती. लोक मात्र जात नव्हते.

शनिवारी संध्याकाळी एझेल स्वयंपाकघरात आला. दिवसभर दारोदार फिरून त्याचा गुडघा सुजला होता. खुर्ची ओढून तो बसला आणि टोपी मांडीवर ठेवली. मग त्याने विचारले, मंगळवारच का?

आर्झुलाबाई पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी सांगितले, की गाडी चर्चमधून निघेल, होझियाच्या घरासमोर थांबेल, त्याच्या हत्यारांच्या छपरीसमोर थांबेल, आणि मग गावातून दफनभूमीकडे जाताना परगण्याच्या कचेरीसमोर थांबेल.

ही रीत एझेलला माहीत होती. मयताची गाडी शेवटच्या वाटेवर त्याच्या जिव्हाळ्याच्या जागी उभी राहते. मागचे उतरतात, क्षणभर थांबतात. कचेरीसमोर उतरलेली माणसे कुठे जाणार, तेही त्याच्या ध्यानात आले.

"मावशी, हे नको," तो म्हणाला. "शवपेट्या मी खूप वाहिल्या आहेत. माझ्या मतांसाठी मामाची पेटी वाहायची नाही मला. लोक तोंडात शेण घालतील, आणि बरोबरच करतील."

"तुझ्या मतांचं कोण बोलतंय?"

"मग कशाला? तिथं मामाला उभ्या जन्मात कधी मत देता आलं नाही."

"म्हणूनच न्यायचंय," आर्झुलाबाई म्हणाल्या. भाजीची जून देठे त्यांनी बाजूला सारली. "दर मतदानाला मी डोक्यावर टोपी घालून निघायचे आणि तो माझी गाडी पुसून द्यायचा. परत आले की विचारायचा, रांग मोठी होती का गं? दुसरं काही विचारायचा नाही. एवढंच. रांग मोठी होती का."

एझेलने सुजलेला गुडघा चोळला. बाहेर कुणाच्या तरी कुत्र्याने भुंकून घेतले.

"मी फार दमलोय, मावशी," तो म्हणाला. "हरणार आहे मी, ते तुला ठाऊक आहे ना? आपला परगणा एक. मतदारसंघात आणखी दोन आहेत, आणि तिकडं माझं नाव ऐकून दार उघडतात, मग माझा काळा चेहरा बघून परत लावतात."

"ठाऊक आहे."

"आणि पुलावर अडवलं तर? मयताच्या गाडीमागून कुणाला धरून नेलं तर?"

गुरुवारपासून तोच एक काटा आर्झुलाबाईंच्या मनात सलत होता. आपल्या शब्दावर माणसे गाडीत बसतील. त्यांतला एकजण जरी त्या ठाण्यात गेला, तर होझियाच्या दफनाला तोच डाग लागेल, आणि नेबोतले कोणी पुन्हा त्या पुलावरून जाणार नाही. पण एवढे बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी भाजी धुवायला घेतली.

एझेलने दोन अटी घातल्या. गाड्यांवरचे त्याच्या नावाचे सगळे फलक उतरवायचे आणि त्या आवारात त्याचे नाव कोणी उच्चारायचे नाही, ही एक. दुसरी, तो स्वतः पेटीपासून हलणार नाही. मयताला एकटे सोडत नाहीत, फौजेत तसे कधी केले नाही. पहिली अट आर्झुलाबाईंना आधीच सुचलेली होती. दुसरी ऐकून त्यांनी भाजीचे पातेले चुलीवर चढवले.

मंगळवारी प्रार्थना लांबली. पाद्रीबुवांना आवरते घ्यायचे कधी जमलेच नव्हते. दुपारी गाड्या निघाल्या. पुढे शववाहिका, मागे आर्झुलाबाईंची मोटार, आणि तिच्या मागे नेबो. सगळ्यांचे दिवे भर उन्हात लावलेले. समोरून येणाऱ्या गाड्या रस्त्याच्या कडेला थांबत होत्या. एक गोरा म्हातारा ट्रॅक्टरवरून उतरला आणि टोपी काढून बांधावर उभा राहिला. त्या मुलखात मयताची रांग कोणी तोडत नाही, मग मेलेला कोणी का असेना.

पुलाशी शेरीफची गाडी आडवी होती. आर्झुलाबाईंनी मांडीवरच्या पिशवीचा बंद घट्ट धरला. शववाहिका मंदावली. शेरीफचा एक तरुण शिपाई हात वर करून पुढे आला, त्याने काच लावलेल्या गाडीत पेटी पाहिली, आणि त्याचा वर गेलेला हात टोपीकडे वळला. टोपी त्याने छातीशी धरली. मग त्याने आपली गाडी बाजूला घेतली, तिच्या टपावरचा निळा दिवा लावला, आणि मयतापुढे सरकारी गाडी चालावी ही तिकडची जुनी पद्धत पाळत तोच पुढे निघाला. परवाने संपलेली, जुन्या लचांडातली, मागच्या खेपेला वळून गेलेली सारी माणसे शेरीफच्या दिव्यामागून गावात शिरली. मागच्या गाडीतून व्हायोलाबाईंचे हसू ऐकू आले. ते त्यांनी लगेच रुमालात दाबून त्याचा हुंदका केला.

कचेरीसमोर शववाहिका थांबली. शिपायाला वाटले, गाडीत काही बिघाड झाला. तो उतरून आला, तोवर लोक उतरून आवारात चालू लागले होते. काळे पोशाख, पांढरे हातमोजे, म्हाताऱ्यांच्या काठ्या. कोणी मोठ्याने बोलत नव्हते. दारापासून पायऱ्यांपर्यंत रांग लागली, मग पायऱ्यांवरून खाली आली, मग ठाण्याच्या खिडक्यांखालून वळली.

आर्झुलाबाई आत जाऊन मत देऊन आल्या. एझेल शववाहिकेच्या मागच्या दाराशी उभा होता. वजन एका पायावर, हात मागे बांधलेले.

"आता तू जा," त्या म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं ना, मी हलणार नाही."

"तू एकटं सोडायचं नाही म्हणालास. मी आहे इथं. त्याच्या पाळण्याला मी झोके दिलेत. मला तो परका नाही."

एझेल तरी उभाच राहिला. "मावशी, माझं एक मत जाऊन काय व्हायचंय?"

"काही नाही व्हायचं. पण मागाहून मला कुणाला तरी विचारायचंय ना, रांग मोठी होती का?" त्या त्याच्या जागी येऊन दाराशी उभ्या राहिल्या. तो लंगडत रांगेच्या टोकाला गेला.

आर्झुलाबाईंनी शववाहिकेच्या काचेवर तळवा टेकला. काच उन्हाने तापली होती. थोड्या वेळाने शिपाई जवळ आला. तो विशी ओलांडलेला, गोरा, कानांची टोके भाजून लाल झालेली. आतून त्याला बोलावून काहीतरी सांगितले गेले असावे; त्याचा चेहरा मघासारखा मोकळा नव्हता. त्याने अदबीने विचारले, की हे थांबणे किती वेळ चालायचे?

"तुझ्या घरचं अलीकडे कोणी गेलं का रे, बाळ?"

"आजी. गेल्या वसंतात."

"गाडी कुठं थांबली होती?"

तो घुटमळला. "तिच्या शाळेपाशी. ती तिथं शिकवायची."

"आणि घाई करा म्हणून कुणी आलं होतं?"

त्याने नकारार्थी मान हलवली. रांगेकडे पाहिले, ठाण्याच्या खिडकीकडे पाहिले, आणि आत गेला. आता हा चौघांना घेऊन येईल, असे आर्झुलाबाईंना वाटले; एझेलला हाक मारावी का, हेही मनात आले. शिपाई परत आला तो एक घडीची खुर्ची घेऊन. ती त्याने शववाहिकेच्या सावलीत मांडली आणि पाठ फिरवून रस्त्यावरची वाहतूक बाजूने काढू लागला.

आयुष्यभर आर्झुलाबाईंनी त्या आवारात कोणाकडून काही घेतले नव्हते. त्या बसल्या. काचेवरचा हात मात्र तसाच ठेवला.

ऊन उतरायला लागले तेव्हा शेवटचा माणूस बाहेर आला. कोणालाही धरले नव्हते. दफन दिवस मावळायच्या आत झाले.

निकाल एझेल म्हणाला तसाच लागला. नेबोतून इतके मतदान पूर्वी कधी झाले नव्हते. पण बाकीचे दोन परगणे भारी पडले. एझेल हरला. निवडून आलेल्याने फोन करून त्याच्या देशसेवेबद्दल आभार मानले.

बुधवारी सकाळी तो मावशीकडे आला, तेव्हा टेबलावर भांड्यांची चळत होती. मयताच्या जेवणाला आलेली वाडगी, ताटल्या, झाकणाची पातेली; प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर घरवालीचे नाव. भांडी धुऊन झाली होती. प्रत्येकात मावशीने चार-चार गोड बिस्किटे घातली होती, कारण मयताचे भांडे रिकामे परत करत नाहीत.

एझेल खुर्चीत टेकला. राजकारण आपल्याच्याने पुन्हा होणे नाही, हे तो बोलला. थकल्या माणसाला शोभेल असे, हळू आवाजात बोलला. पुढची निवडणूक चार वर्षांनी. तेव्हा मावशी नव्वदीच्या असतील, हे मात्र त्याने बोलून दाखवले नाही.

आर्झुलाबाईंनी त्याचे सगळे ऐकून घेतले. मग कॉफीचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

"काल रांग मोठी होती का रे?" त्यांनी विचारले.

एझेलने चेहऱ्यावरून हात फिरवला. "होती," तो म्हणाला. "ठाण्याच्या खिडक्यांखालून वळली होती."

"हं." त्यांनी सगळ्यात वरचे वाडगे उचलून त्याच्या हाती दिले. "हे व्हायोलाचं. सॅलड कुणी खाल्लं नाही, तिला सांगू नकोस."

"ती बसवून घेईल, मावशी. तासभर सोडायची नाही."

"मग बस तासभर. तिचा धाकटा काल आला नव्हता. का नाही आला, ते विचार."

एझेल वाडगे काखेत धरून, खुर्चीचा आधार घेत उठला. आर्झुलाबाईंनी पुढच्या वाडग्याच्या बुडाचे नाव डोळ्यांजवळ नेऊन वाचले आणि ते दाराजवळ, परतल्यावर त्याच्या हाती लागेल असे ठेवले.