माझ्या सांधीतला अधिक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. सागाच्या दोन फळ्या जोडून केलेला, मधोमध उभी सांध असलेला. त्या सांधीची मला लाज वाटावी, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटत नाही.

सिरोंच्याच्या वाटेवर, जंगलातल्या एका आश्रमशाळेसाठी कोलू सुताराने मला घडवलं. टॉर्चच्या जुन्या सेलातलं काळं माक्याच्या पाल्यात घोटून पोरांनी मला रंगवलं. बावीस वर्षं माझ्यावर बाराखड्या आणि नकाशे उमटले. तपासणीला आलेले साहेब म्हणत, अक्षर कसं उठून दिसतं! मग दुसऱ्या वर्गांत हिरवे गुळगुळीत फळे आले आणि मी नववीच्या गळक्या खोलीत पडलो. माझ्या सांधीत खडूची भुकटी साचत गेली. तिथे एका जागी बोटभर पांढरी उभी रेघ झाली. ती साफ करायला कोणाला सवड नव्हती.

यंदा चंद्रपूरच्या गणित शिबिरासाठी वर्गातलं एकच नाव जाणार होतं. शेवटच्या रांगेतल्या बुधरीला तिथे जायचं होतं. तिने ते कोणाला सांगितलं नव्हतं, पण मधल्या सुट्टीत ती माझ्यावरच गणितं सोडवायची, म्हणून मला ठाऊक होतं.

निवडीच्या दिवशी गोपाल सरांनी घाईघाईत लिहिलं: x³ + mx² − 5x + 3 ला x − 2 ने भागल्यास बाकी 5 उरते, तर m काढा. भाजकातलं उणे नेमकं माझ्या सांधीवर पडलं.

पुढच्या रांगेतल्या प्रफुल्लने लगेच सांगितलं, "एक."

बुधरी म्हणाली, "शून्य."

"शून्य? मग m दिलाच कशाला असता? बस खाली," सर म्हणाले. वर्ग हसला. माझा संताप झाला. या पोरीने माझ्यासमोर किती घाम गाळलाय, हे त्यांना काय माहीत!

ती बसली नाही. सरळ माझ्यापाशी आली. "x अधिक दोनने भागाचं हाये, म्हणून x च्या जागी उणे दोन ठेवलं," म्हणत तिने लिहिलं: −8 + 4m + 10 + 3 = 5. म्हणजे 4m शून्य, m शून्य. तेवढ्यावर ती थांबली नाही. x³ − 5x + 3 ला x + 2 ने तिने पायरी पायरीने भागलं. भागाकार आला x² − 2x − 1.

"पाचच उरले, सर. आता सांगा, कोठी चुकलं?"

"अगं, पण भाजक x उणे दोन आहे."

"बोर्डावर अधिक हाये."

सरांनी ज्यातून गणित घेतलं होतं ते गाईड पाहिलं, त्यात उणे. माझ्याकडे पाहिलं, इथे अधिक. त्यांनी चिन्हावर बोट फिरवलं. आडवी रेघ पुसली गेली, उभी मात्र हलली नाही. होय, ती माझीच होती.

"प्रफुल्ल, तुझा एक कसा आला?"

"गाईडात हाये, सर," तो खाली मान घालून म्हणाला.

"उणे असन त तेही करते," म्हणत बुधरीने x च्या जागी 2 ठेवला: 8 + 4m − 10 + 3 = 5, म्हणून m = 1. दोन ओळींत.

सरांनी यादी काढली आणि बुधरीचं नाव लिहिलं.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना ओल्या फडक्याने पुसा, आमच्या फटी झाडा, एवढी काळजी हा आमचा हक्कच आहे. आणि मागच्या रांगेतल्या पोरीला खाली बसवण्याआधी आपण काय लिहिलंय, ते तिच्या जागेवर बसून वाचा.

घंटा झाल्यावर शिपाई मुखरूभाऊ मला पुसायला आले, तर बुधरी माझ्यापुढे आडवी उभी राहिली.

"थांबा ना भाऊ," ती म्हणाली, "सर लिहून घेऊन राह्यले."

आणि सर खरंच पहिल्या बाकावर बसून तिचं गणित वहीत उतरवून घेत होते.