आजची पुडी

आई जाऊन सव्वा महिना झाला आणि माझ्या कोपरावर लाल चट्टा उठला, वर पांढरे पापुद्रे. आईचा सोरायसिस मी वीस वर्षं पाहिला होता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. तरी परतूरहून जालन्याला जाऊन आले. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आंघोळीनंतर ओलसर अंगालाच तेल लावायला सांगितलं. हा आजार कुणाला लागत नाही, मुळापासून जातही नाही, पण आटोक्यात राहतो, असं म्हणाले.

त्याच आठवड्यात घनसावंगीहून गिरिजामावशी आली. कोपर पाहून तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली.

"घे बाई. आठ दिवसांत साफ. तुझ्या मायला बी हीच लागू पडल्ती."

पडली होती. बाजारात बसणाऱ्या एका माणसाच्या या पुडीने आईचे चट्टे गेले, चेहरा गोल झाला. तब्येत सुधारली म्हणून आम्ही खूश होतो. वर्षभराने, आता बरं आहे तर कशाला घ्यायची, म्हणून तिने पुडी एकदम सोडली. पंधरा दिवसांत सगळं अंग लाल झालं, कातडी सुटू लागली, चैत्राच्या उन्हात तिला थंडी वाजायची. दवाखान्यात म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार, चेहऱ्याची ती गोलाईही त्याचीच. घेणं वाईट, एकदम सोडणं त्याहून वाईट. नवव्या दिवशी आई गेली.

हे मी मावशीला पहिल्यांदाच सांगत होते. ती ऐकत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "म्या बी खाऊन राह्यले, गुडघ्यासाठी. दिवाळीपासून."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गोल, तुकतुकीत. दारात दिसली तेव्हा मला तो पाहून बरं वाटलं होतं.

मावशी उठली. पिशवीतल्या सगळ्या पुड्या घेऊन मोरीकडे निघाली. "आजपासून बंद."

मी धावत जाऊन तिचं मनगट धरलं.

"मावशी, एकदम नको."

जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. आजची पुडी नेहमीसारखी द्या, उद्या सकाळीच उरलेल्या पुड्यांसकट त्यांना घेऊन या, हळूहळू कमी करू, असं ते म्हणाले. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर आलं.

मावशी मोरीपाशी खाली बसली होती.

"मंग खाऊ का न्हाई? बराबर सांग."

मी तांब्या भरून आणला. पुडी मीच उलगडली. माझ्यावरची नजर न हलवता तिने तोंड उघडलं, आणि मी ती भुकटी तिच्या जिभेवर टाकली.