सतरा नंबरची शेवटची फेरी

मी एक जुनी गोल टाकी आहे. हसू नका मित्रांनो, मी गच्चीवरची पाण्याची टाकी नव्हे. जपानच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात, उंदरांना जागा कितपत लक्षात राहते, हे माझ्या पोटात तपासत. कारखान्यात मला मासे ठेवायला बनवलं होतं. नशीब बघा, एक मासा पाहिला असेल तर शपथ!

माझ्यात पाणी भरून त्यात पांढरा रंग कालवत. पाण्याखाली बोटभर खोल एक छोटा चौथरा असे. उंदराला तो दिसत नसे. भिंतीवरच्या खुणा धरून तो पोहत तिथे पोचे. सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत.

मिझुए नावाची मुलगी तिथे संशोधन करायची. मेंदूत जागांची आठवण नेणारी-आणणारी एक बारीक वाट असते. सतरा नंबरच्या उंदराची ती वाट अर्धी कापलेली होती. उरलेल्या अर्ध्या वाटेवर तो पुन्हा शिकेल का, हे शोधण्यातच मिझुएची तीन वर्षं गेली होती. आठ दिवस बिचारा नुसता माझ्या कडेकडेने फिरला. नवव्या दिवशी थांबला, मान वर केली आणि सरळ चौथऱ्यावर!

"आलास रे, आलास!" मिझुए रडायलाच लागली.

तिला वाटलं, भिंतीवर मुद्दाम चिकटवलेला त्रिकोण बघून तो आला. मला ठाऊक होतं, तो बघत होता काळ्या डोंगराचं चित्र असलेलं मोठं कॅलेंडर.

त्याच्या डोक्यावरच्या जखमेला सूज आली, म्हणून शेवटची परीक्षा नव्या वर्षावर गेली. वर्ष संपताना सफाई करणाऱ्या हादाकाकांनी खोली घासूनपुसून लख्ख केली. जुनं वर्ष भिंतीवर ठेवायचं नाही, म्हणून कॅलेंडर उतरवलं. नवं, छोटंसं, दाराबाहेर लावलं.

परीक्षेला सतरा निघाला, मधेच थांबला, मान वर केली. कॅलेंडरच्या जागी कोरी भिंत. पुन्हा फिरला, पुन्हा तिथेच बघितलं. ठरलेलं मिनिट संपलं.

"वाट कापली की आठवण गेली. लिही," मिझुएचे मार्गदर्शक ओनोदेरा सर म्हणाले.

"सर, सुट्टीआधी येत होतं हो त्याला! आणखी एकदा सोडू?"

"हवं ते उत्तर मिळेपर्यंत पोहवत बसणार का त्याला?"

मिझुएने निकाल लिहिला. त्याच दुपारी तपासणीसाठी सतराचा मेंदू काढला. मी तिथेच होते, भरलेली आणि मुकी.

तीन दिवसांनी काका कॅलेंडर घेऊन आले. "पोरी, तुझ्या भाचीला चित्र हवंय का?"

"काका, हे कुठे होतं?"

"कुठे म्हणजे? इथेच की, वर्षभर!" काकांनी ते भिंतीला लावून दाखवलं.

मिझुए माझ्या कडेशी बसली, उंदराच्या नजरेइतकी खाली वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, त्याला आठवत होतं."

"अरे देवा! मी नुसती सफाई केली गं," काका म्हणाले.

मिझुएने सरांना सांगून तो निकाल खोडला. पण सतराला पुन्हा पाण्यात सोडणार कसं? वसंतात, प्रयोगात गेलेल्या प्राण्यांच्या स्मृतिदिनी, काकांनी त्यांच्या स्मारकापाशी फुलं ठेवली आणि सगळे गेल्यावरही ते हात जोडून उभे होते, असं मागून ऐकलं.

आता मी गोदामात धूळ खात पडले आहे. तक्रार नाही. पण एखादं मुकं जनावर गोंधळलं, तर त्याला मठ्ठ म्हणण्याआधी आपण कुठे काय हलवलं, ते बघा मित्रांनो. मला दिसत होतं, पण तोंड नव्हतं. तुम्हाला आहे. वेळेवर बोला.